घाट उतरलेली बाटली

गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने महाडकडे उतरत असताना गाडीच्या मागच्या आसनावर 'कट्ट' असा आवाज झाला. प्रतापगडाचा फाटा मागे पडला होता, करवंदांच्या जाळ्यांवर धूळ बसली होती आणि उघड्या खिडकीतून येणारा वारा दर वळणागणिक अधिक कोमट होत चालला होता. काही मिनिटांनी पुन्हा तसाच आवाज झाला आणि माझी दहा वर्षांची भाची म्हणाली, "मामा, माझी बाटली कोणी दाबली?" तिच्या हातात पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली होती. सकाळी महाबळेश्वरला तिने पाणी संपवून, थेंबन् थेंब झटकून, झाकण घट्ट लावून ती जवळ ठेवली होती, कारण वाटेत कुठेही कचरा टाकायचा नाही असे तिच्या आईने बजावले होते. आता त्या बाटलीच्या दोन बाजू आत गेल्या होत्या. पोलादपूर येईपर्यंत तिला तिसरा पोचा पडला.

माझे लक्ष वळणांकडे होते. मागे न पाहताच मी म्हणालो, "आतली हवा थंड झाली असेल. थंड झाली की हवा आकसते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने खिडकीतून हात बाहेर काढला, पुन्हा आत घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पण मामा, इथे तर उकडतंय."

मी उत्तर दिले नाही.

पदार्थविज्ञान घेऊन मी पदवी मिळवली, त्याला आता तीस वर्षे झाली. नोकरीत त्या विषयाचा कधी संबंध आला नाही. पण तो आपल्याला कळलेला विषय आहे, या समजुतीवर मी इतकी वर्षे निर्धास्त होतो. मुलीचा प्रश्न अवघड नव्हता. माझे उत्तर तर पूर्णपणे उलटे होते: घाट उतरताना तापमान वाढत होते, त्यामुळे आतली हवा प्रसरण पावायला हवी होती आणि बाटली टम्म फुगायला हवी होती. तरीही ती चेपली. म्हणजे उष्णतेला न जुमानता दुसरे काही तरी तिला आत ढकलत होते, आणि ते काय हे मला ठाऊक असूनही जिभेवर चुकीचे वाक्य आधी आले. महाडला पोहोचल्यावर आमरस झाला, दुपारची झोप झाली, संध्याकाळी सावित्रीच्या काठी फेरफटकाही झाला. पण 'इथे तर उकडतंय' हे शब्द काही मनातून गेले नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर मी ती बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत बसलो.

शाळेत आम्हाला बॉईलचा नियम पाठ होता. "तापमान स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते." चार्ल्सचा नियम त्याच चालीवर: दाब स्थिर असताना आकारमान तापमानाच्या सम प्रमाणात. या वाक्यांचा उत्तरार्ध आम्ही जोर देऊन म्हणत असू आणि 'स्थिर असताना' हा भाग मात्र, आरतीच्या आधी घंटा वाजवावी तसा, सवयीने उरकत असू. त्या दोन शब्दांत किती श्रम दडलेले आहेत हे कोणी सांगितले नाही, आणि विचारावे असे आम्हालाही वाटले नाही. घाटात काहीच स्थिर नव्हते. दाब वाढत होता, तापमान वाढत होते आणि दोघांच्या ओढाताणीत आकारमान बदलत होते. मी मात्र सवयीने तीनपैकी एकाच राशीकडे पाहिले, आणि तीही चुकीच्या बाजूने.

अशा सवयी फार लहानपणी लागतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचे दुकान होते. रबर सोल्यूशनचा गोडसर वास, पंक्चर शोधण्यासाठी ठेवलेले गढूळ पाण्याचे घमेले, आणि भिंतीला टेकवून उभा केलेला, दोन्ही पायांनी दाबून धरायचा उंच पंप. स्वतः हवा भरली तर पैसे पडत नसत, म्हणून मी ती स्वतःच भरत असे. पंधरा-वीस दट्टे मारले की पंपाचा खालचा भाग, जिथून नळी निघते तिथे, हाताला चांगला चटका देई. दुकानदार म्हणायचे, "घासून तापतो तो." मी ते कित्येक वर्षे खरे मानले, आणि त्यात थोडे तथ्य आहेही. पण दट्टा नळीत वर-खाली सगळीकडेच घासतो, मग चटका खालीच का? कारण खाली हवा दाबली जाते. झपाट्याने आत येणाऱ्या दट्ट्यावर रेणू आपटतात तेव्हा ते आले त्यापेक्षा अधिक वेगाने परततात, जसा पुढे सरसावलेल्या बॅटवरून चेंडू परततो. आणि रेणूंचा वाढलेला वेग म्हणजेच वाढलेले तापमान. तोच दट्टा मुंगीच्या पावलाने दाबला असता तर उष्णतेला पत्र्यातून बाहेर पडायला सवड मिळाली असती, हवा तापली नसती, आणि 'तापमान स्थिर असताना' ही अट पाळली गेली असती. म्हणजे ती अट पाळण्यासाठी धीर लागतो. तो धीर शाळकरी मुलाच्या हातात कुठून असणार?

दुसरी आठवण डब्याची आहे. आई सकाळी घाईत गरम उसळ स्टीलच्या डब्यात भरून झाकण दाबून लावी, आणि मधल्या सुट्टीत तो डबा काही केल्या उघडत नसे. दोन-तीन मित्र मिळून ओढत, कोणी कंपासपेटीतल्या कर्कटकाचे टोक झाकणाच्या कडेत घालून पाही, आणि मग अचानक 'फुस्स' होऊन झाकण सुटे व मटकीचा रस गणवेशावर उडे. ती 'फुस्स' बाहेरची हवा आत शिरल्याची होती, हे समजायला मला फार वर्षे लागली. बंद डब्यात आकारमान बदलायला वाव नसतो. म्हणून हवा निवते तशी तिचा दाब उतरतो. 80 अंश सेल्सिअसला बंद झालेली हवा 30 अंशांवर आली, तर तिचा दाब सुमारे 14 टक्क्यांनी कमी होतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा फरक जवळजवळ 11 किलो वजनाएवढा भार टाकतो. प्रत्यक्षात भार याहूनही अधिक असे, कारण हवेबरोबर वाफही कोंडलेली असे आणि निवताना तिचे पाणी होऊन जाई. आईला यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. पण एके दिवशी मी डबा न उघडताच घरी परत आणला, तेव्हा तिने तो गरम पाण्याच्या पातेल्यात दोन मिनिटे धरला आणि झाकण अलगद काढून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून ती झाकण किलकिले ठेवून वाफ जाऊ देई आणि मी दप्तर उचलले की मगच ते दाबून लावी.

कॉलेजात या सगळ्याची गाठ पुन्हा पडली, पण ती काचेतून. प्रयोगशाळेत जॉलीचे उपकरण होते: काचेचा एक गोलक, त्यात कोंडलेली हवा, रबरी नळीने जोडलेला पाऱ्याचा स्तंभ. गोलक बर्फात, मग कोमट पाण्यात, मग उकळत्या पाण्यात ठेवायचा; दर वेळी पारा वर-खाली करून हवा काचेवरच्या त्याच खुणेपाशी आणायची, म्हणजे तिचे आकारमान बदलत नाही, आणि पट्टीवर दाब वाचायचा. आलेखावर बिंदू बऱ्यापैकी एका सरळ रेषेत आले. मग ती रेषा डावीकडे, खाली, दाब शून्य होईपर्यंत वाढवायची होती. माझा आलेखाचा कागद उणे 100 अंशांपाशीच संपला. शेजारच्याकडून दुसरा कागद घेतला, डिंकाने जोडला, लाकडी पट्टी लावून रेषा पुढे ओढली. ती उणे 258 ला अक्षाला टेकली. उत्तर उणे 273 यायला हवे हे सगळ्यांना माहीत होते, आणि वर्गातल्या बहुतेकांचे ते तसे आलेही. मी रबर हातात घेतले होते, एवढ्यात आमचे प्राध्यापक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या गोलकातली हवा ओली असेल. आकडा राहू दे. तो तुझा आहे." बर्फ, वाफ आणि पाऱ्याचे चार ठिपके एवढ्या भांडवलावर, जिथे कोणी जाऊ शकत नाही अशा थंडीचा पत्ता पेन्सिलीने शोधता येतो, याचा तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो काटा मी पुढे हरवून बसलो, ही मला त्या बाटलीपुढे बसल्यावर झालेली खरी टोचणी होती.

त्या रात्री आणि नंतरच्या काही आठवड्यांत मी जुनी वाट पुन्हा चालून पाहिली. रॉबर्ट बॉईल यांचा प्रयोग मला पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीएवढाच माहीत होता: एका टोकाला बंद केलेली, इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वाकवलेली नळी. 1662 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे वर्णन त्या आकृतीहून कितीतरी जिवंत आहे. नळी इतकी उंच होती की ती खोलीत मावेना, म्हणून ती जिन्यात दोऱ्यांनी टांगली, आणि पारा सांडून वाया जाऊ नये म्हणून तिचा वाकडा भाग लाकडी पेटीत ठेवला. वरून पारा ओतत जायचा आणि खाली कोंडलेल्या हवेची उंची मोजायची. सुरुवातीला हवेचा स्तंभ 12 इंचांचा होता आणि तिच्यावरचा दाब पाऱ्याच्या 29 इंचांहून थोडा अधिक. स्तंभ 6 इंचांवर आला तेव्हा दाब जवळजवळ 59 इंच झाला होता, आणि 3 इंचांवर आला तेव्हा 117 इंचांच्या पुढे गेला होता. जागा निम्मी, दाब दुप्पट. जागा चौथाई, दाब चौपट.

मला मात्र त्या तक्त्यापेक्षा त्याच्या पुढचा परिच्छेद अधिक जवळचा वाटतो. हवा चौथाईहून कमी जागेत कोंबून झाल्यावर बॉईल यांनी नळीच्या त्या भागावर ओले फडके लावून पाहिले. हवा किंचित आकसल्यासारखी वाटली, पण ठामपणे काही म्हणावे इतकी नाही. मग त्यांनी मेणबत्तीची ज्योत जवळ नेली. त्या उष्णतेचा परिणाम फडक्याच्या गारव्यापेक्षा स्पष्ट दिसला. पण काच तडकेल या भीतीने त्यांनी ज्योत आणखी जवळ नेली नाही. म्हणजे ज्यांच्या नावाने आम्ही 'तापमान स्थिर असताना' असे घोकत होतो, त्यांना तापमान स्थिर नसते तेव्हा काय होईल हा प्रश्न त्याच जिन्यात पडला होता. त्यांनी तो विचारला, थोडा हात लावून पाहिला आणि जेवढे दिसले तेवढेच लिहिले. घाटात मी याच्या बरोबर उलट वागलो होतो.

तापमानाचा तो धागा हाती यायला मग बराच काळ गेला. गियोम आमोंताँ यांनी 1702 च्या सुमारास कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर कसा चढतो ते मोजले, आणि थंडीलाही एक तळ असावा अशी कल्पना पुढे आली. जाक शार्ल, म्हणजे आपले 'चार्ल्स', यांनी 1787 च्या आसपास निरनिराळे वायू सारखेच प्रसरण पावतात असे पाहिले, पण ते छापले नाही. 1802 मध्ये गे-ल्युसाक यांनी स्वतःची काटेकोर मोजमापे प्रसिद्ध करताना त्यांच्या कामाचा उल्लेख केला, म्हणून ते नाव टिकले. स्वतःच्या शोधावर दुसऱ्याचे नाव असे आपल्या हाताने लिहून ठेवणारा माणूस मला फार मोठा वाटतो. याच शार्ल यांनी 27 ऑगस्ट 1783 रोजी पॅरिसमधून हायड्रोजनचा फुगा माणसाविना सोडला होता. तो गोनेस नावाच्या गावात जाऊन पडला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी शेतीच्या अवजारांनी त्याच्या चिंध्या केल्या. 1 डिसेंबरला ते स्वतः एका सोबत्यासह वर गेले, तेव्हा त्यांच्या फुग्याला वर झडप होती आणि खालचे तोंड उघडे होते, कारण उंचावर वायू फुगणार आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी, हे त्यांनी ओळखले होते. सोबती उतरल्यावर ते एकटेच पुन्हा सुमारे 3000 मीटर उंचीवर गेले. तिथे तापमापीतला पारा पाण्याच्या गोठणबिंदूच्या खाली उतरला होता आणि त्यांचा उजवा कान असह्य दुखू लागला. त्यानंतर ते कधीही फुग्यात बसले नाहीत. घाटात माझ्या भाचीचे कान दडे बसून गच्च होतात तेव्हा ती आवंढा गिळते आणि डोळे मिटते. तिच्या कानाच्या पडद्यामागे कोंडलेल्या हवेचे दुखणे त्याच जातीचे आहे.

आता बाटलीचा हिशेब. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1350 मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब सुमारे 865 हेक्टोपास्कल असतो. महाडला तो हजाराच्या थोडा वर असतो. मधल्या उंचीत जी हवा आहे तिचे वजन दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास 150 ग्रॅम पडते, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर सुमारे 15 किलो. भाचीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते: बाटली घाटाने दाबली. घाटाच्या वरच्या टोकापासून पायथ्यापर्यंत जेवढी हवा आमच्या डोक्यावर नव्याने आली, तिने दाबली. तापमान स्थिर असते तर एक लिटर हवा साडेआठशे मिलिलिटरच्या आसपास आली असती. पण सकाळी वर 22 अंश असतील तर दुपारी खाली 38 होते. केल्विनमध्ये, म्हणजे त्या उणे 273 च्या तळापासून मोजले तर, 295 चे 311. त्या उष्णतेने आकसलेल्या हवेला पाच टक्क्यांच्या वर पुन्हा पसरवले आणि ती नऊशेच्या आसपास थांबली. तीन पोचे पडले, पण बाटली चपटी झाली नाही, ती उकाड्यामुळे. मुलीने ज्या उकाड्याकडे बोट दाखवले होते तो कारण नव्हता, पण हिशेबात होता, आणि विरुद्ध बाजूने होता. तिचे निरीक्षण माझ्या उत्तरापेक्षा सर्वस्वी शहाणे होते.

हीच ओढाताण आपल्या डोक्यावर रोज दोनदा चालू असते. पहाटे 5:30 च्या आणि संध्याकाळी 5:30 च्या सुमारास हवामान केंद्रांवरून रबराचे फुगे आकाशात सोडले जातात. मुंबईत सांताक्रूझहून ते जातात. जमिनीवर माणसाच्या उंचीएवढा असलेला फुगा 30 किलोमीटरवर पोहोचतो तेव्हा दाब जमिनीच्या सुमारे 85 पट कमी झालेला असतो. दाबाचे एकट्याचे चालले असते तर आतला वायू 85 पट फुगला असता. पण तिथे उणे 45 अंशांची थंडी असते आणि ती त्यातला चौथा हिस्सा परत घेते. उरतात साधारण 64 पट, म्हणजे व्यासात चौपट, एखाद्या दुमजली घराएवढा गोळा. मग रबराची सहनशक्ती संपते. महाडच्या खिडकीतल्या चेपलेल्या बाटलीत आणि त्या फुग्यात मला आता काही अंतर वाटत नाही. एक घाट उतरून आली, दुसरा फार मोठा घाट चढून गेला.

ती बाटली मी उघडली नाही. तिच्यात महाबळेश्वरची सकाळ कोंडलेली होती. फळीवर तिचा दिनक्रम ठरून गेला: दुपारी ऊन तापले की एखादा पोचा किंचित उथळ होई, आणि रात्री दोनच्या सुमारास, घरात सगळीकडे सामसूम असताना, ती 'कट्ट' करून पुन्हा आत ओढली जाई. दिवस आणि रात्र यांतला बारा-तेरा अंशांचा फरक ती बोलून दाखवत होती. भाचीला मी दुसऱ्याच दिवशी सांगितले की माझे उत्तर चुकले होते. तिने ते फार मनावर घेतले नाही. "मग पुन्हा वर नेली तर?" एवढेच तिने विचारले.

डिसेंबरात आम्ही ती पुन्हा वर नेली. सात महिने झाकणाला हात लावला नव्हता. भाची मागे न बसता पुढे माझ्या शेजारी बसली आणि बाटली तिने मांडीवर दोन्ही हातांनी, पण न दाबता, धरली. घाटात धुके होते, वळणावळणावर हॉर्न वाजवावा लागत होता. प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडेच पहिला पोचा आवाज करून बाहेर आला आणि तिने श्वास रोखून माझ्याकडे पाहिले. दुसरा बऱ्याच वर गेल्यावर आला. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचलो तेव्हा स्ट्रॉबेरीच्या पाट्या लागल्या होत्या, लोकांनी कानटोप्या घातल्या होत्या आणि खाली उतरल्याबरोबर आमच्या तोंडातून वाफ निघू लागली. तिने बाटली डोळ्यांसमोर धरून सावकाश फिरवली.

"मामा, एक राहिलाय."

खरेच एक उथळ पोचा शिल्लक होता. या वेळी मी घाई केली नाही. झाकण लावले तेव्हा मे महिना होता, आणि आत्ता किती थंडी आहे ते तिला विचारले. तिने हातमोजा काढला, उघडा तळवा काही क्षण हवेत धरला आणि मग तोच गार तळवा बाटलीच्या पोच्यावर ठेवून ती विचार करू लागली.